व्याह्याघरची बंदूक

जोयड्याच्या ठाण्यात फुलाला बरोबर न्यायचं नाही, एवढंच उमाजीनं ठरवलं होतं. बाकी जे झालं ते आपोआप झालं.

फुला त्याची बायको. माहेर हल्याळकडचं. चौथीपर्यंत कानडी शाळेत बसलेली, त्यामुळं तिला कानडी बोलताही येई आणि वाचताही येई. उमाजीलाही कानडी चांगलं कळायचं. (हे उमाजीचं म्हणणं.) पावसाळ्यात पडलेल्या घरांची यादी करायला पंचायतीचा माणूस आला होता. त्यानं विचारलं, "अज्जा, मनि बिद्दैतेनु?" म्हणजे घर पडलंय का. उमाजीनं 'मनि'चं 'मळि' ऐकलं. मळि म्हणजे पाऊस. तो म्हणाला, "पडतोय की. रोज पडतोय. दुपारनंतर जरा जास्त." रोज पडणारं घर यादीत कसं लिहावं म्हणून तो माणूस पेन धरून तसाच उभा राहिला, आणि फुला उंबऱ्यावर बसून चार माणसांत हसली. ते हसणं उमाजी काही केल्या विसरला नव्हता. म्हणून यंदा बंदूक आणायला तो एकटा निघाला.

बंदूक म्हणजे पीक राखायची, ठासणीची, एकनळी. चाळीस वर्षं लायसन उमाजीच्या नावावर. तिनं आजवर कुणाला मारलं नाही, पण नुसता बार काढला की माकडं आणि रानडुकरं शिवार सोडून पळायची. एरवी ती दाराआड दोन खुंट्यांवर आडवी असायची आणि तिच्यावर फुलाचा टॉवेल वाळत असायचा. इलेक्शन आलं की सगळ्या गावच्या बंदुका ठाण्यात जमा, इलेक्शन सरलं की परत. या खेपेला परत आणायची वेळ झाली तेव्हा भात पोटरीला आलं होतं, आणि माकडं बांधावर रांगेनं येऊन बसत होती, पंगत वाढायची वाट बघितल्यासारखी. उमाजीकडं त्या भाताशिवाय दुसरं काही नव्हतं.

ठाण्यात किरण नावाचा नवा पोलीस. पोरगा भला, पण बोलणं फार भराभर.

"घरी कोण कोण, अज्जा?"

"मी आन् बायकू. पोरगा गोव्याला असतोय."

"बायकोचं लायसन आहे?"

"तिला कशाला बंदूक? तिची नुसती नजर पुरती."

किरण हसला नाही. लायसन नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक पडली तर गुन्हा तुमच्यावर, मग ते माणूस घरचं असलं तरी, हे त्यानं कानडीत सांगितलं. शेवटी म्हणाला, हेंडतीच्या, म्हणजे बायकोच्या, हाताला लागता कामा नये. बीगरल्ली इडरी. परवा घरी येऊन बघतो. तशी नसली तर लायसन रद्द.

निदान उमाजीला तरी तसंच ऐकू आलं. बीगर म्हणजे व्याही. बीगरल्ली इडरी, व्याह्याकडं ठेवा.

पहिल्यांदा त्यालाही नवल वाटलं. मग वाटलं, सरकारचं डोकं चालतं ते उगाच नाही. बायकोच्या हातापासून लांब ठेवायची तर व्याह्याच्या घराएवढी पक्की जागा कुठली? त्यात आठच दिवसांपूर्वी विहिणीनं फुलाचे फणसाचे पापड खवट आहेत असं म्हटलं होतं, आणि त्या घरची पायरी चढणार नाही असं फुलानं जाहीर केलं होतं. (सरकारला हे कसं कळलं, हा विचार उमाजीनं बसमध्ये बराच वेळ केला.)

त्यानं बंदूक कांबळ्यात गुंडाळली आणि परस्पर कॅसलरॉकची वाट धरली. रामनगरपर्यंत बस, पुढं जीप.

"काय हो ते? छत्री?" जीपवाल्यानं विचारलं.

"व्हय."

"एवढी लांब?"

"लांबचा पाऊस असतोय," उमाजी म्हणाला आणि बाहेर बघत बसला.

व्याही गणपती रेल्वेतनं रिटायर झालेला. विहीण रुक्मिणी. उमाजीची लेक नेत्रा या घरात दिलेली, ती तेवढी शेताकडं गेली होती. उमाजीनं कांबळ्याची वळकटी बाहेर भिंतीला टेकवली, आत जाऊन पाणी प्याला आणि विषय काढला.

"व्याही, हिला आता तुमच्याकडं ठिवायची हाय."

त्या दोघांच्या डोळ्यांपुढं नेत्राच आली. दुसरं कोण येणार?

"हायच की हितं," गणपती म्हणाला. "आमी कुठं घालवलीया?"

"तसं न्हवं. आता कायमची. आमच्या घरात तिला ठिवायला सरकारची मनाई झाली."

"सरकारची?"

"ठाण्यातनंच सांगितलं. फुलाच्या हाताला लागू द्यायची न्हाई."

"अगं बाई, आईच्या हाताला?" रुक्मिणीनं पदर तोंडाला लावला.

"तिचं काय लई करावं लागत न्हाई, विहीणबाई. आठवड्यातनं एकदा तेल लावून पुसून काढायची. कोपऱ्यात उभी करून ठिवायची. ओल तेवढी लागू देऊ नका."

"कोपऱ्यात कशापायी? खाती-पिती पोर हाय..."

"आन् एक. दारू भरून ठिवू नका. दारू पोटात असली की तिचा नेम न्हाई."

रुक्मिणी जमिनीवरच बसली. गणपतीनं आवाज खाली आणला. "व्याही, ती दारू... कवापास्नं?"

"माझ्याकडं आल्यापास्नं. भात पिकायला लागलं की मीच भरतोय. माझ्या आधी माझा बा भरायचा."

एवढं बोलून उमाजी बाहेर गेला, वळकटी आणली आणि माजघरात सोडली.

कांबळ्यातनं बंदूक निघाली तेव्हा नेत्रा, तेल, कोपरा सगळं त्या दोघांच्या डोक्यातनं तेवढ्यापुरतं पुसलं गेलं. उरला तो एकच विषय, आठ दिवसांपूर्वीचा. रुक्मिणी उठली, फळीवरचा डबा काढला आणि न भाजलेला पापड तसाच दाढेखाली घातला.

"पापड लई ग्वाड हुतं, व्याही," ती कडाकडा चावत म्हणाली. "माझ्याच जिभेला चव नव्हती. फुलावयनीला सांगा, आणि धाडून द्या म्हणावं."

गणपतीनंही एक पापड घेतला. त्याला कवळी होती, तरी घेतला.

उमाजीला भरून आलं. एका बंदुकीची सोय करायला आलो आणि दोन घरांतलं भांडण मिटवून चाललो, असं मनाशी म्हणत तो चहा पिऊन घरी परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलानं रिकाम्या खुंट्या बघितल्या.

"बंदूक कुठं हाय?"

"सायबानं सांगितली तिथं. व्याह्याकडं."

"कोण म्हणलं?"

"ठाण्यातला किरण. बीगरल्ली इडरी म्हणला. तुला न्हेलं न्हाई म्हणून काय माझं काम अडलं न्हाई."

फुला हातातली केरसुणी खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. या वेळी ती हसली नाही, आणि तिथंच उमाजीला काहीतरी चुकल्याचं कळलं.

"बीगरल्ली न्हवं. बीगदल्ली," ती एकेक अक्षर सुटं करत म्हणाली. "बीग म्हंजे कुलूप. कुलपात ठिवा म्हणला त्यो."

"त्यानं र म्हणलं."

"द म्हणलं. कोण सरकार बंदूक व्याह्याच्या घरात ठिवायला सांगंल?"

उद्या किरण येणार होता. फुलानं नेत्राला फोन लावला, बंदूक घेऊन आत्ताच्या आत्ता बाबांना पाठवते म्हणाली. नेत्रा पलीकडनं हळूच म्हणाली, "आई, मामंजी बंदूक घेऊन पहाटंच्या जीपनं ठाण्यात गेल्यात. पापडावरनं बाबांनी धमकी दिली म्हणून सांगणार हायत. सासूबाईंनीच धाडलंय. आन् मी दारू पिते का म्हणून कालपास्नं दोघं माझ्या तोंडाचा वास घ्यालेत."

दुपारपर्यंत सगळे ठाण्यात. टेबलाच्या मधोमध बंदूक, एका अंगाला उमाजी आणि फुला, दुसऱ्या अंगाला गणपती. मोठ्या साहेबांनी विचारलं, का नेलीत?

"तुमच्याच माणसानं सांगितलं, साहेब. बीगरल्ली इडरी."

किरणनं फाईल उघडून तोंडासमोर धरली. फाईल हलत होती.

गणपतीला सगळ्यात उशिरा उजेड पडला. "म्हंजे मी कुलूप व्हय?" तो म्हणाला. "काल ह्या कवळीनं मी कच्चा पापड खाल्ला, त्यो कुलूप म्हणून?"

साहेब मात्र हसण्यावारी नेणारे नव्हते. एका बिनलायसनच्या हाताला लागू नये म्हणून दुसऱ्या दोन-तीन बिनलायसनच्या माणसांच्या घरात बंदूक नेऊन ठेवली, असं त्यांनी मोजून दाखवलं. लेखी जबाब झाला. हे लायसन आता पुढं चालायचं नाही, असं ते म्हणाले.

उमाजीच्या डोळ्यांपुढं बांधावरची माकडं आली. त्यानं टोपी काढून हातात घेतली. तेव्हा फुला पुढं झाली आणि कानडीत बोलायला लागली. साहेब, भात पोटरीला आलंय. आमचं वर्ष त्याच्यावर. माकडं काय तुमचा जबाब वाचून माघारी जाणार नाहीत. ह्यांचं काढा, ते योग्यच आहे, पण घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर होतं का?

साहेबांनी कागद चाळले. माणूस सत्तरीच्या पुढं गेला असला, लायसन एवढं जुनं असलं, तर घरच्या वारसाला अर्ज करता येतो म्हणाले.

उमाजीच्या जिवात जीव आला. "माझा पोरगा, सुदेश."

"तो कुठं असतो?"

"गोव्याला."

"माकडं गोव्यात नेऊन हाकलणार का?" साहेब म्हणाले, आणि फुलाकडं बघून विचारलं, "सही येते?"

फुलानं कानडीत सही केली, शेवटच्या अक्षराला छान वळण देऊन.

अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी, कारवारला गेला. त्या हंगामात उमाजी दिवसभर बांधावर डबा वाजवत फिरला. माकडं दोन दिवस बिचकली, तिसऱ्या दिवसापासून डब्याच्या तालावर खायला लागली. जे उरलं त्यावर घर कसंबसं चाललं. पुढं फुला बंदुकीच्या शिकवणीला जाऊन आली, बार काढून आली, आणि पुढच्या भाताच्या आधी तिच्या नावावर लायसन आलं. जोयड्याहून लोखंडी कपाट आलं, त्याला भक्कम कुलूप बसलं.

मग एका सकाळी किरण तपासणीला आला. कपाट बघितलं, कुलूप ओढून बघितलं, वही उघडली आणि विचारलं, "अज्जा, पूर्ण नाव सांगा."

उमाजी टोपी नीट करून पुढं सरकून बसला. शेवटी घरचा कर्ता कोण, हे सरकार विसरत नाही. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आज्याचंही सांगितलं, वय दोनदा सांगितलं. किरणनं पहिलं अक्षर जरा बारीक काढलं तर ते ठळक करायला लावलं.

"ह्या रकान्यात माझं एकट्याचंच का, सायेब?"

"तुमचं एकट्याचंच, अज्जा."

"वाच गं," उमाजी फुलाला म्हणाला. "मोठ्यानं वाच, शेजारी ऐकू जाऊ दे."

फुलानं वही हातात घेतली आणि चांगल्या मोठ्या आवाजात वाचलं, "घरात लायसन नसलेली, हत्याराला हात लावू द्यायचा न्हाई अशी माणसं." मग तिनं वही त्याच्याकडं फिरवली. "नाव मात्र झकास ठळक आलंय."