अंजिराच्या झाडावरचं जोडपं

एका जंगलात सगळं काही होतं. करवंदं होती, मोहाची फुलं होती, मध होता. म्हणूनच, बाळांनो, तिथल्या प्राण्यांना फार कंटाळा येई.

त्या जंगलात केरबा नावाचं अस्वल राहत होतं. गजरा त्याची बायको. एके दिवशी गजरा म्हणाली, "अहो, सगळं जंगल कुठं कुठं जाऊन आलं. आपणही एकदा निसर्गात जाऊ या ना!"

"मग आपण राहतो ते काय आहे?" केरबाने विचारलं.

"ते घर झालं. निसर्ग लांब असतो."

केरबाला ते पटलं. बायकोचं त्याला लवकर पटे.

भूमध्य समुद्रात एक बेट होतं. निळं पाणी, पांढरे खडक, ऑलिव्हची झाडं. राहायला तंबू. शिवाय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'वन्यप्राणी हमखास दिसतील.' दोघं बोटीने निघाली. परदेशात जेवणाचं काही सांगता येत नाही, म्हणून गजराने पिशवीभर चकल्या, शंकरपाळे आणि लसणाची चटणी घेतली.

बेटाची व्यवस्था फिलोमेना नावाच्या शेळीकडे होती. तिच्या गळ्यात शिट्टी होती आणि आवाज शिट्टीसारखाच होता.

"जेवण आपापलं," ती म्हणाली. "पान तोडायचं नाही. फळाला हात लावायचा नाही. निसर्ग फक्त बघायचा. नियम मोडला की बेटाबाहेर!"

तंबू नेमका अंजिराच्या झाडाखाली होता. अंजिरं पिकून फुटली होती. खोडाच्या ढोलीत मधमाश्या गुणगुणत होत्या. ही दोघं खाली बसून चकल्या खात होती.

"किती छान निसर्ग आहे नाही?" गजरा वर बघत म्हणाली.

"छान आहे," केरबा म्हणाला. तो वर बघत नव्हता. वर बघितलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं समुद्रात डुंबून आली, तर तंबूत एक रानडुक्कर! त्याचं नाव साल्वो. चकल्या संपवून तो शंकरपाळ्यांवर आला होता.

"अहो, वन्यप्राणी!" गजरा हरखून गेली. "किती जवळून दिसतोय!"

दोघं कौतुकाने बघत राहिली. साल्वोने शंकरपाळे संपवले. मग चटणीचा डबा फोडून सगळी चटणी एका घासात गिळली.

क्षणभर काही झालं नाही. मग साल्वो लाल झाला. त्याने अशी किंकाळी फोडली की डोंगरावरचे ससे बिळात गेले. तंबू डोक्यावर घेऊन तो धावत सुटला आणि थेट समुद्रात शिरला. तंबू लाटांबरोबर वाहून गेला. साल्वोचं फक्त नाक पाण्याबाहेर राहिलं.

आता खायला काहीच उरलं नव्हतं आणि परतीच्या बोटीला अवकाश होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गजरा एक शब्दही बोलली नाही. केरबा घाबरला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याने झाडाकडे बघितलं, मग आपल्या पोटाकडे. तो झाडावर चढला त्याला बरीच वर्षं झाली होती.

"चढू का गं?"

"नियम आहे ना?" गजरा क्षीण आवाजात म्हणाली.

"नियम शेळीचा. भूक आपली."

तो एकदा घसरला. पुन्हा चढला. गजरा खालून बघत होती. लग्नाआधी तो असाच चढायचा आणि वरून तिच्याकडे बघून उगाच हसायचा. आजही त्याने ढोलीत पंजा घातला, नाकावर माश्यांचे डंख घेतले आणि खाली बघून हसला. मग तिला खाली थांबवेना. तीही वर चढली. अंजीर मधात बुडवायचं आणि खायचं. एक तो तिला भरवायचा, एक ती त्याला.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

"खाली उतरा!" फिलोमेना ओरडली. "आत्ताच्या आत्ता बेटाबाहेर!"

पण त्याच वेळी किनाऱ्याला बोट लागली. नवीन पाहुणे आले होते. वाळवंटातलं उंटांचं कुटुंब.

"वन्यप्राणी कुठं आहेत?" म्हाताऱ्या उंटाने विचारलं. "नसतील तर आम्ही याच बोटीने परत जातो. वाळू आमच्या घरीसुद्धा आहे."

फिलोमेनाने समुद्राकडे धाव घेतली. "साल्वो, बाहेर ये!"

"नाही येणार," नाक म्हणालं. "अजून झोंबतंय."

फिलोमेना परत आली. तिने झाडाकडे बघितलं. तिचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला.

"मंडळी, शांतता पाळा. वर बघा. अतिशय दुर्मीळ रानटी अस्वलं! आपल्या नैसर्गिक आहारासह!"

"अहो, आपल्याला म्हणतेय ती," गजरा कुजबुजली.

फिलोमेना बुंध्याशी येऊन हळूच म्हणाली, "जरा गुरगुरता का?"

"आणि नियम?" केरबाने विचारलं.

"ते पाहुण्यांना असतात हो!"

"म्हणजे रोज अंजिरं?" गजराने विचारलं.

"रोज."

"मधसुद्धा?"

"सगळं घ्या, पण गुरगुरा!"

केरबा असा गुरगुरला की उंटाचं पिल्लू आईच्या पायांत शिरलं. सगळे उंट आनंदाने मान डोलवू लागले.

"याला म्हणतात निसर्ग!" म्हातारा उंट म्हणाला. "हे चावतात का हो?"

"आधी जेवण होऊ द्या," गजरा वरून म्हणाली.

"अरेच्चा!" उंटीण ओरडली. "यांना बोलायला शिकवलंय कुणी?"

तात्पर्य: नियम पाळून उपाशी बसतो, त्याला पाहुणा म्हणतात. नियम मोडून पोटभर खातो, त्याला गुन्हेगार म्हणतात; पण खाली गर्दी जमली, की त्यालाच निसर्गसौंदर्य म्हणतात. तेव्हा बाळांनो, नियम कधी मोडू नका. मोडायचाच झाला, तर बोट येण्याच्या वेळेला मोडा.