टेबल वाळेपर्यंत

मिस्त्रींनी केलेली जेवणाची टेबलं आसपासच्या बहुतेक घरांत होती. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरात नव्हतं. तिथे माणसं चार जुन्या खुर्च्यांवर ताट मांडीवर घेऊन जेवत. मागच्या खेपेला त्यांची थोरली बहीण, आक्का, आली तेव्हा तिच्या मांडीवर वाटी कलंडली. ती साडी पुसत भावजयीला एवढंच म्हणाली, "तू एखादा सुतार बघून लग्न करायला हवं होतंस."

हे वाक्य बायकोने जपून ठेवलं. आता आक्का रविवारी पुन्हा जेवायला येणार होती. तोवर टेबल झालं नाही तर पान शेजारच्या शिंप्याकडे मांडीन, त्याच्याकडे टेबल आहे आणि तेही तुमच्याच हातचं, असं तिने शांतपणे सांगून टाकलं. ती शांतपणे बोलली की मिस्त्री लगेच कामाला लागत.

टेबल झालं. गुरुवारी वॉर्निशचा हातही मारून झाला. आता ते वाळेपर्यंत काहीही करायचं नव्हतं, आणि नेमकं तेवढंच मिस्त्रींना जमत नसे. वॉर्निश वाळताना जो हातावर हात ठेवून बसतो तो कारागीर नव्हे, हे त्यांचं तत्त्व. दुकानात येईल त्याला ते हे तत्त्व सविस्तर समजावत. त्यात कामाचा किती वेळ जातो, इकडे त्यांचं लक्ष नसे. तत्त्वाला जागून त्यांनी एका गिऱ्हाइकाचं स्टूल पुढे ओढलं आणि पॉलिश पेपरने मन लावून घासलं. उडालेला भुसा बसायला जागा शोधत होता. शेजारीच नवं, ओलं टेबल होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने टेबलावरून नजर फिरवली. "याला दाढी फुटलीय."

"माझ्यावर गेलंय," मिस्त्री म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी ती दाढी उतरवली आणि पुन्हा हात मारला. आज धूळ उडवणारं काम नाही, असं ठरवून त्यांनी लाकूड कोरायच्या पटाश्यांना धार लावायला घेतली. हे काम अगदी निरुपद्रवी. पण एक पटाशी झाली की उठून वॉर्निश वाळलं का ते पाहायचं, आणि वॉर्निश वाळलं का ते अंगठ्याशिवाय कळत नाही. कोपऱ्यातच हलकेच लावला, कोण बघतंय? टेबलाला कोपरे चारच होते, पटाश्या मात्र बऱ्याच होत्या. मध्येच शिंपी डोकावला. मिस्त्रींनी त्याला बजावलं की ओलं आहे, बोट लावू नको. "कुठे, इथे का?" म्हणत त्याने बोट लावून खात्री करून घेतली. संध्याकाळी ठशांनी भरलेलं टेबल बघून वाटावं, पोलीस चौकीतून आत्ताच सोडवून आणलंय. गुन्हेगार शोधायला लागला नाही. त्याचा अंगठा चिकटत होता.

शनिवारी शेवटचा हात मारून होताच बायको भाजीची पिशवी घेऊन दुकानात हजर झाली.

"आज मी इथे बसते. तुम्ही घरी जा."

"अगं, पण दुकानाकडे कोण बघणार?"

"तुमच्यापासून सांभाळलं की झालं."

मिस्त्रींना ते पटलं. आपण गिऱ्हाईक असतो तर आपल्याला दुकानात पाऊलही टाकू दिलं नसतं, असं कबूल करून ते निघाले. मात्र निघताना डब्यात उरलेलं वॉर्निश आणि ब्रश त्यांनी उचलला. उघडा डबा वाया जातो.

बायको भाजी निवडत दिवसभर पहारा देत बसली. तिच्या नजरेपुढे बोट तर सोडाच, धुळीचीही हिंमत झाली नाही.

रविवारी शिंप्याने एक बाजू धरली आणि टेबल घरात आलं. काय झळकत होतं! बायको सकाळपासून स्वयंपाकात. खुर्च्या दिसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं होतं, पण टेबलासाठी जागा केली असेल, असं तिला वाटलं. दुपारी आक्का आली. टेबलावरून हात फिरवून तिने तळवा उलटून पाहिला. कोरडा.

"छान केलंस रे. दे आता बसायला."

"आक्का, आज जरा उभ्याने जेवलो तर?" मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले. "पचन चांगलं होतं म्हणतात."

बायको मागच्या पडवीत गेली. तिथे चारही खुर्च्या ओळीने उभ्या होत्या, पाठीपासून पायांपर्यंत ओल्या. वॉर्निश उरू नये म्हणून मिस्त्रींनी हात जरा सढळ ठेवला होता. ती परत आली आणि आक्काला म्हणाली, "यांनी कालचा दिवस फुकट नाही घालवला हो."

उभ्याने जेवायला टेबल जरा बुटकंच पडलं. तिघांनी ताटं हातात धरून जेवण उरकलं. हात धुऊन होतात न होतात तोच मिस्त्रींची पावलं आपोआप पडवीकडे वळली. अंगठा तर आधीच पुढे झाला होता. बायकोने त्यांचा एक हात धरला, आक्काने दुसरा, आणि खुर्च्या वाळेपर्यंत दोघींनी ते सोडले नाहीत.

खिडकीतून शिंप्याला तिघं दिसली. त्याला अगदी भरून आलं. घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, "प्रेम कसं असावं, बघून ये जरा."