झीनास ब्लॉजेटचा होकार
हॅडली फोर्डहून निघताना झीनास ब्लॉजेटनं टपालगाडीच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं होतं, "मी विधानसभेत असेपर्यंत आपल्या परगण्याची कचेरी तसूभरही हलणार नाही." माणूस खोगिरं शिवणारा, पण आवाज असा खणखणीत की गाडीचे घोडे बिचकले. ओढ्यापलीकडचं रॉकवेल गाव त्या कचेरीवर टपलेलंच होतं. कचेरी गेली की वकील जाणार, खाणावळ ओस पडणार, आणि झीनासची गिऱ्हाइकंही जाणार.

राजधानीत पोचेपर्यंत त्याचा बाणा शाबूत होता. मग त्यानं विधानसभेत पाऊल टाकलं आणि टोपी हातात घेतली ती घेतलीच. ओकच्या बुंध्याएवढे दगडी खांब, त्यांच्यावर घुमट, घुमटाला सोनेरी नक्षी! तिथे पिकदाणीसुद्धा पितळेची लखलखीत. झीनासला वाटलं, आपण इथं खोकावं तरी कसं?

तिसऱ्या दिवशी दुपारी तो वर बघत होता. एवढा खांब उचलायला किती बैल लागले असतील, याचा हिशेब चाललेला. तेवढ्यात कारकुनानं पुकारलं, "ब्लॉजेट!"

झीनास ताडकन उठला आणि शाळेतल्यासारखा ओरडला, "होय!"

सभापतींनी हातोडा आपटला. अडतीस विरुद्ध सदतीस, विधेयक मंजूर. रॉकवेलचा आमदार तर नाचायचाच बाकी राहिला होता.

शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पेटिबोननं त्याचा कोट ओढला. "काय केलंस रे हे?"

"हजेरी दिली."

"हजेरी सकाळीच झाली. आत्ता तू आपली कचेरी रॉकवेलला देऊन टाकलीस."

झीनासला टपालगाडीच्या पायरीवरचे आपले शब्द आठवले. गावाला तोंड कसं दाखवायचं? पण पेटिबोन सभागृहात केस पिकवलेला होता. तो कानाशी कुजबुजला, की फेरविचार मागता येतो, मात्र जिंकलेल्या बाजूला मत दिलेल्यानंच तो मागायचा असतो. 'नाही' म्हटलेल्या सदतीस जणांना तोंड उघडायची सोय नव्हती. मागणार तर एकटा झीनास.

तो उठला. चौऱ्याहत्तर माना वळल्या. गावाहून पाठ करून आणलेलं भाषण डोक्यातून साफ पुसलं गेलं.

"सभापती महाराज," त्याचा आवाज जेमतेम निघाला, "मला फेरविचार हवाय. मत देताना मी वर बघत होतो. आमच्याकडे एवढं उंच फक्त आभाळ असतं. आणि हे माणसांनी बांधलंय."

कुणी हसलं नाही. गेली वीस वर्षं तिथं पेंगणाऱ्यांनीही हळूच मान वर केली. सभापतीही क्षणभर हातोडा विसरले. मग पुन्हा मतदान झालं. झीनास या वेळी जमिनीकडे बघत "नाही" म्हणाला, आणि विधेयक एका मतानं पडलं.

गावात बँड लावून स्वागत झालं. वर्तमानपत्रानं छापलं होतं, ब्लॉजेटांनी फेरविचाराचा हक्क मिळवण्यासाठी मुद्दाम शत्रूच्या बाजूनं मत दिलं; असा मुत्सद्दी शतकातून एकदा होतो. झीनासनं चौकात, चर्चच्या दारात, न्हाव्याकडे, सगळीकडे खरं काय ते सांगून पाहिलं. लोक डोळा मारून हसले.

घरी बायकोनं, मेहिटेबलनं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "खरं काय झालं?"

त्यानं सांगितलं. तिनं खिडकीही लावून घेतली. मग म्हणाली, "अहो, हे बाहेर कुणाला सांगू नका."

"सगळ्यांना सांगून झालंय," झीनास बूट काढत म्हणाला. "पुढच्या खेपेला मला गव्हर्नर करायचं म्हणतायत."