दीपचंदशेठ धामणीला मुक्ती देतात

भुसावळच्या बाजारात दीपचंदशेठना कुणी नुसतं "काय शेठ, बरं आहे ना?" असं विचारलं, तरी उत्तर ठरलेलं असायचं. "आपल्या गोदामात तीन पिढ्यांत मुंगीसुद्धा मेलेली नाही." विचारणाऱ्याला खरं तर तुरीचा भाव हवा असायचा. तो बिचारा मुंगीची हकिगत ऐकून घरी जायचा.

अहिंसा चांगलीच गोष्ट आहे, त्यात वाद नाही. शेठचे वडीलही ती पाळायचे, पण गुपचूप. शेठना मात्र पाळताना कुणीतरी बघायला लागायचं.

माघातल्या एका दुपारी गोदामातल्या तुरीच्या थप्पीमागून मनगटाएवढी जाड धामण निघाली, वजनकाट्यावरून सरसर गेली आणि रिकाम्या गोणपाटाखाली शिरली. शेठ आधी गादीवरच्या टेबलावर चढले. मग त्यांच्या डोक्यात समारंभ चढला.

थोरली सून रुची कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाऊजी, धामण आहे. बिनविषारी. एवढी तूर भरलीय आणि एकही पोतं कुरतडलेलं नाही, ते कुणामुळे?"

"आपल्या पुण्याईमुळे."

"पुण्याई उंदीर खात नाही, धामण खाते. राहू द्या तिला."

"अगं, धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, माहीत आहे का?"

"सापाला दूध ओढताच येत नाही. आणि आपल्याकडे म्हैस नाही."

एवढ्यावर विषय मिटायला हवा होता. पण सत्कार्याचं वेड लागलेला माणूस सुनेचं ऐकेल होय! शेठनी लीलाधरला फोन लावला.

लीलाधर म्हणजे गावातला सर्पमित्र. सापांना विचारलं असतं तर त्यांनी ओळखही दिली नसती. लष्करी ठिपक्यांची पँट आणि कमरेला बॅटरी, भर दुपारीसुद्धा! त्याने धामणीला शेपटीला धरून लोंबकळत ठेवलं, मोबाइलसमोर भाषण ठोकलं, शेठच्या हातात तिची शेपटी देऊन फोटो काढला आणि सगळं मनासारखं झाल्यावर तिला पिशवीत कोंबलं. मग शेठच्याच गाडीतून नेऊन यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी सोडली. 'मुक्या जिवाला मुक्ती' असं लिहून फोटो जीवदया मंडळाच्या ग्रुपवर पडला. खाली जोडलेल्या हातांचा पूर आला.

रुचीने हात जोडले नाहीत. ती म्हणाली, "हलवायचीच होती तर इथल्याच नाल्याकाठी सोडायची. तिकडची बिळं तिला माहीत नाहीत, पाणी माहीत नाही. तुम्हाला कुणी उचलून परक्या गावच्या माळावर ठेवलं, तर त्याला मुक्ती म्हणाल का?"

"माझी गोष्ट वेगळी," शेठ म्हणाले. "माझं इथे दुकान आहे."

धामण गेल्याची बातमी उंदरांना कशी कळली कोण जाणे. ग्रुपवर तेही असावेत. होळीपर्यंत गोदामात पोत्यांपेक्षा भोकं जास्त झाली. शेठ पोतं उचलायला गेले की पोतं हातात यायचं आणि तूर जमिनीवर राहायची. ही तूर साधी नव्हती. भाव चढेल म्हणून शेठनी घरातलं सगळं भांडवल तिच्यात घातलं होतं, आणि वैशाखात धाकट्या मुलीचं, मुस्कानचं लग्न या तुरीवरच उभं राहायचं होतं.

"अहो, निदान मांजर तरी आणा," लाडकुंवरबाई, म्हणजे शेठची बायको, काकुळतीला आल्या.

"मांजर उंदीर मारेल. पाप पाळणाऱ्याला लागतं."

"मग इतकी वर्षं धामण काय करत होती?"

"ते मला ठाऊक नव्हतं," शेठ म्हणाले. "ठाऊक नसताना झालेलं धरत नाहीत."

शेवटी शेठनी पिंजरे आणले, आत भजी ठेवली आणि उंदीर जिवंत धरायला सुरुवात केली. पण सोडायचे कुठे? शेजारी सोडले तर भांडण, नदीकाठी सोडले तर संध्याकाळी परत. शेठनी ड्रायव्हरला ओळखीची जागा सांगितली. गाडी रोज पिंजरे घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊ लागली.

लाडकुंवरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे आधी साप तिकडे नेऊन ठेवला, आणि आता रोज त्याला गाडीतून डबा पोचवता?"

"डब्यात काय आहे ते आपण बघायचं नाही," शेठ म्हणाले, पण आवाज जरा बसला होता.

त्या डब्याला धामण पुरी पडली नाही, किंवा ती बिचारी तिथे टिकलीच नसावी. कारण एके दिवशी ऐन बाजाराच्या वेळी पायथ्याच्या गावची दगडीबाई एसटीतून उतरली, ड्रायव्हरने तिकडेच टाकलेला भरलेला पिंजरा घेऊन दुकानात शिरली आणि तो तिने शेठच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर ठेवला.

"शेठ, हाई तुमना माल शे."

"माझा? कशावरून?"

"पिंजरावर नाव कोनं शे?"

नाव होतं. दुकानाचं, पत्त्यासकट, ठळक अक्षरात. पाणपोई असो, बाकडं असो, शेठ दानाच्या वस्तूवर नाव घातल्याशिवाय राहत नसत. ते पिंजऱ्यांवरही घातलं होतं.

"बठ्ठा उंदीर आमना खयामा उनात," दगडीबाई आपल्या खळ्याची हकिगत सांगू लागली. "आमनी दादर जवारी खाई गयात. तुमले पुण्य, आमले उंदीर?" आणि तिने पिंजऱ्याचं दार वर उचललं. "मीबी मुक्ती दिधी."

गादी, गिऱ्हाईक आणि उंदीर यांची जी पळापळ झाली, तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. दगडीबाई तेवढी शांतपणे स्टँडकडे गेली.

त्याच दुपारी शेठ लीलाधरला कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, "एक धामण आणून दे."

"आणून?" लीलाधरने कानाला हात लावले. "शेठ, संरक्षित आहे ती. रानातून उचलली तर वनखातं मला आत टाकेल."

"मग इथून उचलून नेलीस ती?"

"ती मी वाचवली," लीलाधर म्हणाला. "बरं, तुमचा सत्कार ठरलाय. मंडळाचं म्हणणं, कार्यक्रम गोदामातच घ्यावा."

सत्काराला गोदाम गच्च भरलं. मागे फलक होता. त्यावर शेठ मोठे आणि धामण बारीक. अध्यक्ष 'साप हा अन्नाचा राखणदार' यावर बोलत होते, आणि त्याच वेळी मोरीच्या भोकातून खरोखरीची एक धामण आत आली. उंदरांचा माग काढत, आपल्या पायी, म्हणजे पोटी. थेट तुरीच्या थप्पीकडे निघाली.

मंडळ खुर्च्यांवर चढलं. शेठच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. मुस्कानचं लग्न सरपटत घरी येत होतं.

"कुणी हलू नका," ते ओरडले. "जाऊ द्या तिला आत."

"काय ही निर्भयता," अध्यक्ष खुर्चीवरूनच म्हणाले. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत लीलाधरने शेपटी धरली होती.

"अहो, सोडा तिला. तिथेच राहू द्या," रुची पुढे येत म्हणाली. तिच्याकडे कोण बघतो! "शेठच्या हस्ते मुक्ती," कुणीतरी पुकारा केला, आणि वळवळणारी पिशवी शेठच्या हातात आली.

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ही इथेच राहू दे, मला उंदीर मारायला हवी आहे. समोर सगळं मंडळ, गळ्यात हार, मागे फलक. शेठनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"शेठ, हसा जरा," लीलाधर मोबाइल रोखून म्हणाला.

शेठ हसले. फोटो चांगला आला. बायकांच्या रांगेत लाडकुंवरबाईंनी रुचीला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "मुस्कानच्या सासरी फोन लाव बाई. म्हणावं, लग्न आता दिवाळीनंतरच जमेल."