दीड बोट डावीकडं

जयराजने कराडहून फोन केला तेव्हा चंद्राबाई कुरड्या डब्यात भरत होत्या.

"आई, परड्यात भिंतीला लावून ठेवलेला जुना पाटा हाय न्हवं?"

"हाय की. त्याचं काय?"

"तेवढा गाडीच्या डिकीत टाकून ठिव. जपून उचल, पायावर पडंल."

चंद्राबाई हातातली कुरडई खाली ठेवून म्हणाल्या, "बरं झालं बाबा, तुलाच सुचलं. मी तुला कसं इचारावं म्हून गप बसले हुते."

आईचा आवाज का भरून आला, हे जयराजला कळलं नाही. लगीनघर म्हटलं की सगळ्यांचेच आवाज भरलेले असतात, अशी समजूत घालून त्याने फोन ठेवला.

गाडी म्हणजे जयराजच्या वडिलांची, लालासाहेबांची अँबॅसिडर. लालासाहेबांची हयात फौजेत गाड्या चालवण्यात गेली आणि पेन्शनीत आल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. जयराजची धाकटी बहीण राजेश्वरी शाळेत गेली ती तिच्यातूनच, मागच्या सीटवर डाव्या खिडकीला नाक लावून. पुढे गाडी थकली आणि गोठ्याशेजारी जाऊन उभी राहिली. जयराज साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. लग्न ठरल्यावर राजेश्वरीने सांगून टाकलं, "दादा, सांगलीला लग्नाला जाईन तर आबांच्या गाडीतनं. माझ्या खिडकीपाशी बसून." तेव्हापासून जयराजचा एकही रविवार त्याचा स्वतःचा राहिला नव्हता.

इंजिन झालं, रंग झाला, आणि शेवटी मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या कमानींचे पाटे बदलले. कमान ज्या लोखंडी पट्ट्यांची असते त्यांना मिस्त्रीलोक पाटे म्हणतात आणि जयराजही आता तसंच म्हणायला शिकला होता. जुन्यातला एक पाटा धड निघाला होता, तो त्याला दादासो मिस्त्रीला दाखवायचा होता. बाकी गाडी तयार होती. निदान संध्याकाळी तो घरी येईपर्यंत तरी तसंच वाटत होतं.

अंगणात लालासाहेब एक डोळा मिटून गाडीच्या मागे उभे होते.

"जया, गाडी डावीकडं बसलीय."

"आवं आबा, अंगणाला ढाळ हाय. पानी जायाला तुमीच काढलाय."

लालासाहेबांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घातली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा घातली. "ढाळ उजवीकडं हाय आन गाडी डावीकडं. दीड बोट. असली वाकडी गाडी घिऊन मी व्याह्याच्या दारात जायाचा न्हाई. शनिवारपातूर सरळ झाली तर झाली, न्हाईतर भाड्यानं गाडी सांगतो."

राजेश्वरी दारात उभी होती. ती नुसती दादाकडे बघून आत गेली. त्यापेक्षा ती भांडली असती तर जयराजला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी सोसायटीच्या गोदामात नेली. तिथली फरशी सपाट होती. गाडी तिथेही दीड बोट डावीकडं. त्याने टायरातली हवा तपासली, मग डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे घातलं. मग कमानीचे बोल्ट ढिले करून मागच्या बंपरवर उभा राहून उड्या मारल्या, म्हणजे पाटे आपापल्या जागी बसतील. लालासाहेबही शेजारी चढले. बापलेक बंपरवर उड्या मारतायत हे बघून गोदामासमोर चांगली गर्दी जमली. पाटे जागेवर बसले की नाही कोण जाणे, गाडी मात्र होती तशीच होती. शिवाय घरी येताना नवीनच दुखणं निघालं. वळण आलं की मागून काहीतरी गडगडत जायचं आणि शेवटी टक् व्हायचं.

शेवटी कराडहून दादासो मिस्त्री आला. तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

"डिकीत काय जड हाय का?" आतून आवाज आला.

"थांब, बघतो," म्हणत जयराज डिकीकडे वळला, तर चंद्राबाई आडव्या आल्या. "रुखवत भरलंय त्यात. तेलकट हात लावायचा न्हाई."

"आगं, पर काय काय हाय आत?"

"कुरड्या, पापड, शेवया, लाडवाचं डबं. आन तू सांगितलेला पाटा."

"पाटा सोडून जड काय?"

"त्यो सोडून काय बी न्हाई."

जयराजने गाडीखाली वाकून निरोप दिला, "शेवया-पापड हायत रं."

"मंग डावी कमानच मऊ," दादासोने निदान केलं. "आनखी एक पाटा घालू त्या बाजूला. जुना निघालेला कुठाय तुझा?"

"डिकीतच हाय. पर आई हात लावू दीना."

"ऱ्हाऊ दे, माझ्याकडं हाय एक. आन त्यो आवाज शॉकअपचा आसंल. लग्न झाल्यावर बघू."

शनिवारी संध्याकाळी जादाचा पाटा बसला. लालासाहेबांनी डावीकडे बोटं घातली, उजवीकडे घातली, पुन्हा डावीकडे घातली आणि मिशीतल्या मिशीत हसले. घरात राजेश्वरीने भाड्याच्या गाडीवाल्याला स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं.

रविवारी गाडी सांगलीच्या कार्यालयासमोर उभी राहिली तेव्हा तिच्याकडे बघायला नवरदेवाचे मित्रही धावले. लालासाहेब छाती काढून उतरले. राजेश्वरी डाव्या दाराने उतरली आणि उतरताना तिने त्या दारावरून हात फिरवला. जयराजला वाटलं, सगळे रविवार वसूल झाले.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि विहीणबाई बनाबाईंनी जयराजला हाताला धरून रुखवतापाशी नेलं. तिथे पाहुण्या बायकांचा घोळका जमला होता.

"ह्यो बघा पोरीचा भाऊ. मिक्सरच्या काळात कोन देतंय सांगा? ह्यानं आठवनीनं पाटा द्यायला लावला बहिनीला. ह्येला म्हनत्यात माया."

कुरड्यांच्या ताटांमध्ये, हळदीकुंकू लावून, आजीच्या वेळचा काळा दगडी पाटा पसरला होता. चांगला हातभर रुंद आणि चार बोटं जाड, चटण्या वाटून वाटून मध्ये खोलगट झालेला. मिक्सर आल्यापासून तो परड्यात भिंतीला टेकून उभा होता. लोखंडी पाटा त्याच्याच शेजारी होता, आणि आता तिथे एकटाच असणार.

जयराजने आईकडे बघितलं.

"आई, ह्यो पाटा?"

"तूच म्हनालास की रं. आमी दोघी, मी आन शेजारची रंगूबाई, कसा उचलला आमचं आमाला ठावं. डाव्या अंगाला नीट वाकळंत गुंडाळून ठेवला हुता."

नवरी झालेली राजेश्वरी डोळे पुसत त्याच्याकडेच बघत होती. "दादा, तुला कसं रं कळलं? मला त्योच पायजे हुता. आईच्या हातची चटनी त्याच्यावरच लागती."

आता सगळ्यांसमोर खरं सांगायचं म्हणजे बहिणीच्या डोळ्यातलं पाणी परत आत ढकलायचं. ते त्याच्याच्याने होईना. "कळलं आपलं," तो पुटपुटला आणि बाहेर सटकला.

बाहेर लालासाहेब एक डोळा मिटून रिकाम्या गाडीच्या मागे उभे होते.

"जया, गाडी उजवीकडं बसलीय."

"व्हय."

"दीड बोट."

"तेवढीच असनार, आबा. आत जाऊन रुखवत बघा, म्हंजे कळंल."

लालासाहेब आत जाऊन आले. त्यांच्या मिशा बराच वेळ हलत होत्या आणि त्या रागाने हलत नव्हत्या, हे जयराजला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

निघताना त्यांनी आपली पुढची जागा सोडली. ते मागे डाव्या खिडकीशी बसले आणि चंद्राबाईंनाही जवळ सरकायला लावलं. "गाडी सरळ ऱ्हायला पायजे," ते म्हणाले. अर्धी सीट मोकळी ठेवून नवरा-बायको खेटून बसले. पण पोरीच्या जागेवर बसून लालासाहेबांना खिडकीबाहेर काही बघवेना. त्यांनी सगळा रस्ता चपलेकडे बघत काढला. वळण आलं की मागून गडगड व्हायची आणि शेवटी टक्.

सकाळी घर रिकामं रिकामं वाटत होतं. लालासाहेबांनी चहाला नको म्हटलं आणि अंगणात गाडीच्या बंपरवर जाऊन बसले. तेवढ्यात जयराजचा फोन वाजला. राजेश्वरी होती.

"दादा, सासूबाईंनी पाटा मांडला. लय खूस हायत. पर त्या इचारत्यात, वरवंटा कुठाय?"

जयराज फोन कानाला तसाच धरून गाडीपाशी आला. त्याने लालासाहेबांना उठवलं, डिकी उघडली आणि स्टेपनीच्या मागच्या खाचेत हात घातला. आजीच्या वेळचा वरवंटा हाताला लागला.

"आबा, ह्यो बघा आपला शॉकअप."

लालासाहेबांनी वरवंटा दोन्ही हातांनी घेतला आणि धोतराच्या सोग्याने स्वच्छ पुसला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"एसटीनं धाडू काय?" जयराजने विचारलं.

"यस्टीनं? माझ्या लेकीचा वरवंटा? गाडी काढ."

"बरं. मंग जाताना कराडला दादासोकडं थांबू. जादाचा पाटा काढला की गाडी सरळ व्हईल."

"काढायचा न्हाई," लालासाहेब चपला घालत म्हणाले. "येताना मांडवपरतनीला लेकीला संगं आनायचं हाय. ती कुठं बसती?"

"डावीकडं."

"मंग? ऱ्हाऊ दे त्यो पाटा तसाच."

चंद्राबाई केव्हाच मागे जाऊन बसल्या होत्या. उजवीकडे.