सातपूरच्या यंत्रपुरुषाने आरती धरिली

श्रीसांडव्यावरच्या देवीस साष्टांग दंडवत घालून, शके एकोणीसशे सव्वीस, तारण नाम संवत्सरी, आश्विन शुद्ध नवमीस सातपूरच्या औद्योगिक परगण्यात जो रणसंग्राम जाहला तो पाहिला तैसा लिहितो. पदरचे काही घातले असेल तर शोभेपुरतेच.

त्या परगण्यात मोटारीचे सांगाडे जोडणारा एक मातब्बर कारखाना होता, आणि तेथे सायखेड्याचे सावळीरामबावा, वेल्डिंगचे सरदार, बावीस वर्षे तैनातीस होते. त्या साली मोठ्या साहेबांनी परमुलखातून एक यंत्रपुरुष आणविला. त्यास हात एकच, परंतु दहा वेल्डरांस भारी, आणि त्याने येताच बावांची जहागीर खालसा केली. कामगार त्यास पाव्हणा म्हणत, कारण सहा महिने जाहले तरी जाण्याचे नाव काढीत नव्हता. बावांनी हेही गिळले. खंडेनवमीस यंत्रपूजेची आरती ओवाळण्याचा मान तेवढा उरला होता, आणि त्यावरच ते तग धरून होते.

तोही साहेबांच्या डोळ्यांत सलला. मुंबईहून बडे पाहुणे येणार, सबब फर्मान सुटले की यंदा आरती यंत्रपुरुष ओवाळील. मग इंजिनीयर तेजस्विनीबाई यांनी तीन दिवस खपून त्या लोखंडी हातास तबक फिरविण्याची तालीम दिली, आणि नवमीस त्याने ऐसे नेमके वर्तुळ काढिले की पाहुणे धन्य जाहले. बावा मागे उभे राहून टाळ्या वाजवीत होते. त्यांस फार लागले.

परंतु थोरांच्या मसलतीतून एक क्षुल्लक गोष्ट निसटली. आरती संपली की माणसे ती घ्यावयास धावतात. तीनशे माणूस ज्योतीवर हात धरावयास लोटला, आणि यंत्राभोवती जी अदृश्य किरणांची चौकी होती तीत हात जाताच भोंगा वाजला, तांबडा दिवा लागला आणि यंत्रपुरुष जागीच गोठला. माणूस जवळ आला की हातचे काम सोडून थांबावे ही त्याची शिस्त. कारखान्यात ती पाळणारा तो पहिलाच अधिकारी. साहेबांनी गर्दी हटवून यंत्र चालू करविले, माणसे पुन्हा आली, यंत्र पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेस तबक दीड पुरुष उंचीवर असता यंत्र ऐसे रुसले की बटणे दाबून बाईंची बोटे दुखली. मग साहेबांनी आरती लांबूनच घ्यावी असा हुकूम केला. त्यावर झाडलोटीच्या नवसाबाई म्हणाल्या, "साहेब, जेवण बी लांबूनच घेता का?"

वात सरत आली. कोणी आरती न घेता ज्योत विझणे म्हणजे वर्षभराचा अपशकुन, म्हणून लोक कुजबुजू लागले आणि पाहुणे घड्याळे पाहू लागले. तेव्हा तेजस्विनीबाईंनी साहेबांस न पुसता यंत्राची वीज तोडली आणि बावांस विनंती केली. बावा स्टूल घेऊन चौकीत शिरले, वर चढले, आणि सहा महिन्यांत त्या वैऱ्याशी प्रथमच बोलले, "लय येळ धरलंस गड्या. दे इकडं, हात दुखला असंल."

तबक खाली आले. तीनशे जणांनी आरती घेतली, साहेबांनीही घेतली. मग बावांनी ज्योतीवर आपला तळवा शेकून तो यंत्रपुरुषाच्या मनगटास लाविला, कारण सणाच्या दिवशी कोणी वगळू नये.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, आणि दुसऱ्याच दिवशी फळ्यावर फर्मान लागले की आरतीचा मान तहहयात सावळीरामबावांचाच. तसेच त्यांची थोर कामगिरी ध्यानी घेऊन त्यांची नेमणूक यापुढे यंत्रपुरुषाच्या चौकीबाहेर करण्यात येत आहे. कोणाचा हात आत गेल्यास यंत्रपुरुषाच्या वेल्डिंगचा खोळंबा होतो, सबब बावांनी दिवसभर तेथे उभे राहून माणसांस दूर ठेवावे.