अर्थिंगबाई

आम्ही दोघांनी मिळून केलेलं घरातलं शेवटचं काम म्हणजे खिडकीत कूलर बसवणं. मेहनत माझी, हुकूम तिचा. विमल, म्हणजे माझी बायको, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. गळ्याला सुती ओढणी, हातात टेस्टर. टाकीत पाणी ओतायला मी बादली उचलली तशी म्हणाली, "प्लग कुठं हाय?"

"बाहेर हाय."

"दाखवा."

चौकात पोलिसाला लायसन दाखवतात तसा मी प्लग वर धरून दाखवला. मग पाणी ओतलं, प्लग लावला, कूलर घरघरला. ती म्हणाली, "आता हात लावून पाहा. उलटा." उलटाच काहून, तर करंट लागला की मूठ आवळते. तळहातानं धरलं तर माणूस पत्र्याला चिकटून राहतो. उलटा हात लावला तर तो आपोआप मागे ओढला जातो. हे मी लग्नापासून दर उन्हाळ्यात ऐकत आलो, आणि दर उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकतोय असं तोंड करावं लागे.

गार हवा लागली तसे तिनं डोळे मिटले. मग खिडकीतून शेजारच्या घराकडे पाहून विचारलं, "सुलुबाईचा कूलर लागला का जी?"

"लागला असन."

"कोणं पाह्यला?"

मी रिकामी बादली उचलून मोरीत नेली. आमच्या गल्लीत कूलर लागला आणि विमलनं तो तपासला नाही, असं आजवर झालं नव्हतं. यंदा मात्र एकाही घरातून तिला बोलावणं आलं नव्हतं. ती रोज वाट पाहायची. आणि बोलावणं न येण्याचं कारण मी होतो. ते पुढे सांगतो. आधी ती काय माणूस होती ते ऐका.

सकाळी बाकीच्या बाया तुळशीला पाणी घालतात. विमल अर्थिंगला घालायची. मीटरखाली भिंतीला लागून एक खड्डा, त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी. नागपूरच्या मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात आणि कोरडी माती करंट पोटात घेत नाही, म्हणून रोज एक बादली. ऊन तोंडावर यायचं, त्यामुळे ती डोळे मिटून ओतायची. समोरच्या घरी नवीन सून आली होती. तिला वाटलं, हे ह्यांचं कुळाचं दैवत. तिनं तिथं हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. विमलनं कोणाला हाकललं नाही. म्हणाली, "फूल नोको वं, येताना मूठभर मीठ आणत जा." पंधरा दिवसांत इतकं मीठ जमलं की आमच्या घराची अर्थिंग अख्ख्या लेआउटमध्ये, सगळ्या वस्तीत, एक नंबर झाली. तेव्हापासून सगळे तिला अर्थिंगबाई म्हणायला लागले. चिडवायला ठेवलेलं नाव, पण तिला ती पदवी वाटायची.

शिकलेली किती, तर सातवी. माझ्यापेक्षा तीन वर्ग पुढे, मी चौथीनंतर सोडलं. पण ती कामठी रोडवरच्या एका शाळेत सायन्सच्या लॅबमध्ये परिचर होती. बॅटऱ्या काढून द्यायच्या, बल्ब पुसायचे, तारा गुंडाळून ठेवायच्या. सर शिकवत, ही कपाटापाशी उभी. तोच धडा दरवर्षी, अठ्ठावीस वर्षं. सर बदलत गेले, ही तिथंच, त्यामुळे धडा सरांपेक्षा हिलाच जास्त पाठ. सर चुकले तर शिपाईबाईनं बोलायचं कसं, म्हणून ती खोकायची. पोरं लय हुशार असतात. त्यांना दोन महिन्यांत कळलं, बाई खोकल्या की शेवटची ओळ खोडायची. एका हिवाळ्यात तिला खरोखरचा खोकला झाला, तर दहावी ब नं विजेचा सगळा धडा खोडून टाकला.

घरी तिचं जग तीन तारांचं होतं. एका तारेतून करंट येतो, दुसरीतून परत जातो, आणि तिसरी हिरवी तार काहीच करत नाही. "काईच करत नाई म्हणून लोकं थे लावतच नाई," ती सांगायची, "अन् ज्या दिवशी काम पडते, त्या दिवशी थे नसते." प्लगची तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते, हे तुम्ही कधी नीट पाहिलं का? मी जन्मभर पॉवर हाऊसमध्ये काम केलं, मी पाहिलं नव्हतं. लांब अशासाठी की तिनं सगळ्यात आधी लागावं आणि सगळ्यात शेवटी सुटावं.

त्यावरून तिनं माणसांची वाटणी केली होती. दोन पिनची माणसं आणि तीन पिनची माणसं. पुतणीसाठी आम्ही एक स्थळ पाहायला गेलो. पोरगा उंच, नोकरी चांगली, चहा झाला, पोहे झाले, सगळे खूश. रस्त्यावर आल्यावर विमल म्हणाली, "पोरगा दोन पिनचा हाय."

"काहून? चांगला त बोलत होता."

"आपल्याशी बोलत होता. मायनं पाण्याचा गिलास उशिरा आणला त तिच्याकडे कसा पाह्यला, दिसलं नाई तुमाले? राग आला का त्याले जागा नाई जमिनीत जायले. बायकोच्या अंगातून जाईन."

स्थळ मोडलं. मी तिला विचारलं, "अन् मी किती पिनचा?"

"तुम्ही पिन नाई, फ्यूज हाय. जरा जास्त झालं का उडता अन् साऱ्या घरात अंधार करता."

मी खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर होतो. एकदा ऐटीत म्हटलं, "वीज आम्ही बनवतो अन् शिकवून तू राह्यली." ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही काय करता? कोळसा जाळता, पाणी उकळता, वाफेनं चाक फिरवता. चहाची कितलीच हाय थे, जरा मोठी. आत चुंबक हाय म्हणून बरं, नाईतर साऱ्या नागपूरले नुसता चहा भेटला असता." त्यानंतर रिटायर होईपर्यंत, मी कुठं गेलो असं कोणी विचारलं की ती सांगायची, "कितलीवर गेले."

होळी झाली की घरोघरून हाका यायच्या. "अर्थिंगबाई, कूलर लावून राह्यलो, या." ती जायची. प्लग उपसायची, टेस्टर लावायची, पंपाची तार बोटांनी चाचपायची. फ्यूजमध्ये कोणी न उडणारी जाड तार घातलेली सापडली तर ती काढून त्याच्याच गेटला टांगायची, येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावी म्हणून. शेजारची सुलुबाई तिला दारातूनच ऐकवायची, "आली वं बाई, बिजलीची सासू."

"सासू हाय म्हणून तू जिवंत हाय."

आणि मग तिथं दोन तास चहा. कूलर तपासायला पाच मिनिटं लागत. बाकीचा वेळ कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नाही.

शाळेत किरणांचाही एक धडा होता. त्याचं लॅबमध्ये काही सामान नव्हतं, नुसता भिंतीवर तक्ता. त्यामुळे सामान तिनं घरातून घेतलं. अल्फा किरण कागदानं अडतो, बीटा पत्र्यानं, गामाला मात्र जाड शिसं लागतं. "सुलुबाईची गोष्ट गामा हाय," म्हणायची, "भिंतीतून आरपार." हाफ लाईफ म्हणजे ठरलेल्या वेळात पदार्थ अर्धा उरतो, तेवढ्याच वेळात त्याच्याही अर्धा, असं चालूच. माझ्या रागाची हाफ लाईफ तिनं पंधरा मिनिटं काढली होती. माझ्या बहिणीच्या रागाची साडेचार वर्षं. आणि एक गोष्ट ती बजावून सांगायची. विजेला बटन असतं, ह्या पदार्थांना बटन नसतं. कोणी पाहो न पाहो, ते किरणं फेकतच राहतात.

हे शेवटचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मागल्या पावसाळ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली. धंतोलीच्या दवाखान्यात म्हणाले, किरणांचा शेक द्यावा लागेल, रोज एक, सहासात आठवडे. पहिल्याच दिवशी मशीनवरच्या माणसाला तिनं विचारलं, "कोबाल्टची हाय का करंटची?"

तो दचकला. "करंटची आहे, आजी."

"मंग अर्थिंग पाहून घेतली ना?"

दुसऱ्या दिवसापासून तो तिला मॅडम म्हणायला लागला.

ती अशी मजेत, आणि मी घाबरलेला. माझं गणित सरळ होतं. रोज हिच्यात किरणं भरतात. किरणांना बटन नाही. म्हणजे आता ही फेकणार. मी माझी खाट बाहेरच्या खोलीत नेली. तिचा गिलास वेगळा केला. चहा स्टुलावर ठेवायचो आणि दोन पावलं मागे सरायचो. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. गेटवर जाऊन सुलुबाईला सांगितलं, "तिच्या अंगात किरणं हाय. जवळ बसू नका, बाकीच्याईलेही सांगा." आपण शहाणपण केलं असं मला वाटलं. सुलुबाईनं दुपारपर्यंत गल्लीभर सांगितलं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर विमल म्हणाली, "माहा वास येते का जी?"

शेकानं तिच्या गळ्याची कातडी काळी पडली होती. तिला वाटलं, मला तिची किळस येते. एवढी बडबडी बाई, पण नऊ दिवस हे पोटात ठेवून बसली होती.

मी म्हटलं, "वास कायचा. तू किरणं फेकून राह्यली ना. तूच त सांगतलं होतं, बटन नसते म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसायला लागली. गळा दुखत होता, तर दोन्ही हातांनी गळा धरून हसली. मला म्हणाली, खिडकी लावा अन् टॉर्च आणा. टॉर्च भिंतीवर मारली.

"उजेड पडला?"

"पडला."

"आता बंद केली. भित उजेड देऊन राह्यली का?"

"नाई."

"मी भित हाय. मशीन टॉर्च हाय. बटन दाबलं, किरण संपले. बटन नसते थे कोबाल्टसारख्या पदार्थाले, करंटच्या मशीनले नाई." मग टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाली, "माह्या लॅबमधलं एक पोरगं नापास नाई झालं कधी. घरचाच झाला."

मी खाट आत आणली. वेगळा गिलास बाकीच्या गिलासांत टाकला. तिनं मला शेजारी बसवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही.

पण गल्लीत जाऊन "मी चुकलो" म्हणायची मला लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू. शेक संपले तरी ती खंगतच गेली, थंडी गेली, होळी झाली. विमल गेटपाशी खुर्ची टाकून बसायची, टेस्टर मांडीवर. बाया रस्त्याच्या पलीकडूनच "बरं हाय ना?" विचारायच्या आणि पुढे जायच्या. सुलुबाई तर तेवढंही विचारत नव्हती, मान खाली घालून जायची. विमलनं त्याचं कारण स्वतःच शोधून काढलं. "लय बोलली मी लोकाईले," म्हणाली. "ज्याच्या त्याच्या घरचे प्लग उपसले. कोणाले आवडन?" तिच्यासमोर उभा राहून मी हे ऐकलं आणि तरी माझं तोंड उघडलं नाही.

कूलर लावला त्या दिवशी ती जेवली बऱ्यापैकी आणि लवकर झोपली. सकाळी मी चहा नेला तेव्हा ती गेलेली होती. शांत होती. मी चहा खाली ठेवला आणि पुण्याला पोराला फोन केला. तो निघाला.

सात वाजेपर्यंत गल्ली जमली. बाप्ये बाहेरच्या खोलीत येऊन बसले. बाया गेटबाहेर उभ्या, पदर तोंडाला. शेवटची आंघोळ बायांनीच घालायची, पण एकही आत येईना. एक दुसरीकडे पाहायची, दुसरी खाली. वाईट कोणी नव्हतं त्यांच्यात. त्यांना भ्यायला मी शिकवलं होतं.

मी गेटवर गेलो. सुलुबाईसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"किरणायचं मी सांगतलं थे चूक होतं. तिच्या अंगात काईच नव्हतं. तिनं मले तव्हाच समजावलं होतं. लाजेपायी मी तुमाले येऊन सांगतलं नाई. थे तुमची वाट पाहून राह्यली होती. तुम्ही काहून येत नाई, थे तिले शेवटपर्यंत नाई समजलं."

मग सुलुबाईनं हळू विचारलं, "म्हणजे मी येऊन बसली असती त चाललं असतं?"

"चाललं असतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मग चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि माझ्या बाजूनं आत गेली. तिच्या मागून बाकीच्या गेल्या. आतून तिचा आवाज आला, "पाणी ठेवलं का कोणं?"

कोणी ठेवलं नव्हतं. मी मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, मोठा गंज, म्हणजे पातेलं, पाण्यानं भरून ठेवला आणि लाकडं पेटवली.